कुकरमधला मसालेभात: झाकण लावण्याआधीची दहा मिनिटं

मसालेभाताबद्दल आलेल्या प्रश्नांत कुकरविषयीच्या तक्रारी सगळ्यात जास्त आहेत. भात गिचका होतो, तळाला लागतो, वांगी विरून जातात. पातेल्यात भात शिजत असताना आपण मध्येच झाकण काढून बघतो, शीत दाबतो, पाणी कमी वाटलं तर आधणाचा हबका मारतो. कुकरमध्ये यातलं काहीच करता येत नाही. म्हणून पाणी, मीठ, भाज्यांचे तुकडे, आच हे सगळं आधीच ठरलेलं हवं. तसं ठरलेलं असेल तर कुकरमधला मसालेभात पातेल्यातल्या भाताच्या तोडीचा होतो, असं माझं ठाम मत आहे.

ताई, पुलावाप्रमाणे मसालेभातालाही एकास दोन पाणी घालते, तरी दर वेळी लगदा होतो. माझं काय चुकतंय? (पुणे)

एकास दोन हे प्रमाण सगळ्या तांदळांना सारखं लावलं, तिथे चूक आहे. तांदळात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असा दोन प्रकारचा स्टार्च असतो. अमायलोज जास्त असलेला तांदूळ मोकळा शिजतो, कमी असलेला चिकटतो. शिवाय नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि लवकर मऊ होतो. तोच तांदूळ वर्षभर मुरला की जास्त पाणी घेतो आणि शितं सुटी राहतात. त्यामुळे दुकानदाराला भावाच्या आधी ‘नवा की जुना?’ हे विचारा.

मसालेभाताला मी जुना कोलम घेते. कोलम नावाने बाजारात बरंच काही विकलं जातं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोत्यावर कोलम लिहिलेला सगळा तांदूळ तिथला नसतो. तरी जुना असेल तर साधा कोलमही या भाताला चांगला. आंबेमोहोर वरण-भातासाठी राखून ठेवा, गोड्या मसाल्यापुढे त्याचा वास टिकत नाही आणि पैसे वाया जातात. इंद्रायणी आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळला तयार झाला. चवीला सुरेख, पण चिकट. मऊ, आसट मसालेभात आवडणाऱ्यांनी तो खुशाल वापरावा. मोकळा हवा असेल तर नको.

आता पाणी. वीस मिनिटं भिजवून निथळलेल्या बासमतीला वाटीला दीड वाटी. जुन्या कोलमला, नुसता धुऊन निथळला असेल तर, वाटीला दोन, भिजवला असेल तर पावणेदोन. तांदूळ नवा असेल तर यातून पाव वाटी काढा. टोमॅटो, फ्लॉवर, वांगी भरपूर असतील तर त्यांचं पाणी सुटतं, तेव्हा आणखी दोन-तीन चमचे कमी करा. तोंडली आणि मटार मात्र फारसं पाणी सोडत नाहीत.

एक गोष्ट पाककृतींत क्वचितच लिहिलेली असते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागलं म्हणून चार वाट्यांना आठ लागत नाही. प्रत्येक वाटी तांदूळ स्वतः पितो ते पाणी ठरलेलं असतं, पण वाफेवाटे जे जातं ते कुकरवर आणि आचेवर अवलंबून असतं. तांदूळ चौपट झाला म्हणून वाफ चौपट जात नाही. चार वाट्या कोलमला सात वाट्या पाणी पुरतं. पाहुणे आले की नेहमीचा भात नेमका गिचका का होतो, याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

तांदूळ निथळून भाज्यांबरोबर दोन-तीन मिनिटं तेलावर परता. दाण्याला तेल लागून तो जड वाटेनासा झाला, सुळसुळीत झाला की पाणी घाला, आणि ते उकळतं घाला. गार पाणी घातलं तर कुकरमध्ये दाब यायला वेळ लागतो, तोवर दाणा बाहेरून फुगत राहतो आणि आतून कच्चाच असतो.

कुणी दोन शिट्ट्या सांगतं, कुणी तीन, सासूबाई चार करतात. नक्की किती? (ठाणे)

शिट्ट्या मोजणं मी कधीच सोडून दिलं, आणि तुम्हीही सोडा. शिट्टी होते याचा अर्थ आतली वाफ वजन उचलण्याइतकी झाली. मोठ्या आचेवर, लहान कुकरमध्ये तीन शिट्ट्या दोन-तीन मिनिटांत होतात. मंद आचेवर, मोठ्या कुकरमध्ये त्याच तीन शिट्ट्यांना दहा मिनिटं लागतात. दोन्हींकडचा भात सारखा कसा होईल? उलट प्रत्येक शिट्टीला वाफ बाहेर जाते, म्हणजे तुम्ही मोजून घातलेलं पाणी कमी होतं.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. कुकरच्या दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत जातं, आणि शिजण्याचं काम ते तापमान करतं. पहिली शिट्टी झाली की ते तापमान आलं असं समजा. तिथे आच अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. भिजवलेल्या बासमतीला तीन मिनिटं, कोलमला पाच. मग गॅस बंद. या वेळात आणखी शिट्टी झाली नाही तर उत्तम, एखादी झाली तरी हरकत नाही.

गॅस बंद केल्यावरची दहा-बारा मिनिटं शिजण्याचीच असतात. आतलं तापमान हळूहळू उतरतं, दाण्याच्या पोटापर्यंत ओलावा पोचतो आणि वरचं पाणी जिरतं. चमच्याने शिट्टी उचलून वाफ दवडली की वरचा भात फडफडीत आणि खालचा ओला असा दुभंगलेला निघतो. शिवाय स्टार्चचा फेस नळीतून उडून हात भाजतो तो वेगळाच. वाफ आपोआप जिरू द्या, झाकण उघडा, आणखी पाच मिनिटं थांबा आणि मगच उलथन्याने कडेकडेने भात मोकळा करा.

महाबळेश्वर-पाचगणीच्या वाचकांनाही हेच लागू आहे. तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं, म्हणून पातेल्यातला भात रेंगाळतो. कुकरमध्ये हा फरक बराच भरून निघतो, फक्त एखादं मिनिट जास्त द्यावं लागतं.

तळाला लागतो आणि करपट वास सगळ्या भाताला येतो. (अकोला)

मसाला तळाला चिकटलेला असताना झाकण लावलं जातं, म्हणून. हळद, तिखट, गोडा मसाला तेलात गेले की क्षणात बुडाला धरतात. अशा वेळी आधी अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, उलथन्याने बूड खरवडून स्वच्छ करा, आणि मग उरलेलं पाणी. गूळ किंवा साखर घालत असाल तर ती फोडणीत नको, पाण्यात विरघळवून घाला. टोमॅटोचा घट्ट रस्साही तळाशी बसतो, म्हणून तोही नीट ढवळा. पातळ बुडाच्या अॅल्युमिनियमच्या कुकरखाली पहिल्या शिट्टीनंतर तवा सरकवला तर आच पसरते.

करपलाच तर ढवळू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खालचा थर तसाच राहू दे.

वांगी विरघळतात आणि तोंडली कच्ची. दोन्ही एकदम घालायची कशी? (सोलापूर)

एकदम घालायची, पण वेगळी कापून. तोंडली उभी चार फोडी करून तेलावर चार-पाच मिनिटं परतायची, कडा किंचित तांबूस होईपर्यंत. वांगी लहान काटेरी घ्या, देठ ठेवून चार चिरा द्या किंवा मोठ्या फोडी करा, आणि तोंडली परतून झाल्यावर घाला. फ्लॉवरचे तुरे अक्रोडाएवढे मोठे हवेत. बारीक तुरे भातात दिसेनासे होतात. मटार ताजे असतील तर सगळ्यात शेवटी, तांदळाबरोबर. गोठवलेले मटार मात्र कुकरमध्ये घालूच नका, भात उघडल्यावर वरून पेरून झाकून ठेवा, तेवढ्या वाफेत ते होतात. बटाटा मी घालत नाही. तो मसाला शोषून घेतो आणि भाताची चव उतरवतो.

घरी गोडा मसाला नाही, गरम मसाला चालेल का? आणि लग्नाच्या पंगतीतल्या भाताची ती चव घरी का येत नाही? (बेळगाव)

गरम मसाल्याने भात वाईट होणार नाही, पण तो मसालेभात होणार नाही. गोड्या मसाल्यात धणे, सुकं खोबरं आणि तीळ यांचा खमंगपणा असतो, आणि दगडफूल, नागकेशर यांचा तो खास मातकट, खोल वास. गरम मसाल्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. मसाला संपला असेल तर दोन चमचे धणे, अर्धा चमचा जिरे, एक चमचा तीळ, दोन चमचे सुकं खोबरं, तीन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि असेल तर एक दगडफूल, हे वेगवेगळं मंद आचेवर भाजून कुटा. दोन वाट्या तांदळाला पुरतं. पंगतीच्या भाताला बहुतेक आचारी असा ताजा कुटलेला मसालाच घालतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

उरलेलं अर्धं मिठात आणि तुपात. पाणी घातल्यावर ते चमचाभर चाखा. ते तुमच्या आवडीपेक्षा किंचित खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ ते मीठ पिणार आहे. चाखताना बेताचं लागलं तर भात अळणी होणार हे नक्की. मसाला दोनदा घाला: मोठा भाग तांदूळ परतताना आणि अर्धा चमचा उकळत्या पाण्यात. लिंबू, ओलं खोबरं आणि कोथिंबीर ताटात वाढताना. आणि साजूक तूप वरून, सढळ हाताने. फोडणीत तेल कमी करा हवं तर, पण वरचं तूप काढू नका. सोबत मठ्ठा असेल तर आणखी काही लागत नाही.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरला शिट्टीच नाही, आणि अनेकदा ‘बर्न’ असा इशारा येतो.

शिट्टी नाही, म्हणजे वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही, म्हणून पाणी कमी लागतं. भिजवलेल्या बासमतीला वाटीला एक वाटी, न भिजवलेल्याला सव्वा, आणि तिकडे सहज मिळणाऱ्या सोनामसुरीला दीड. या कुकरांचा दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून वेळ जास्त ठेवा: सोनामसुरीला सहा मिनिटं, भिजवलेल्या बासमतीला चार, आणि मग दहा मिनिटं आपोआप वाफ उतरू द्या. इशारा येतो तो अकोल्याच्या वाचकांना सांगितलेल्या कारणानेच. परतणं झालं की ‘सॉते’ बंद करा, पाणी घालून बूड लाकडी चमच्याने खरवडा. टोमॅटो घालत असाल तर तो सगळ्यात वर ठेवा आणि ढवळू नका.

शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेने वाफ आणि पाणी येतं. (नगर)

आधी रिंग बघा. कडक झाली असेल, भेगा असतील, हाताने ताणल्यावर परत आकसत नसेल तर बदला, आणि कुकर ज्या कंपनीचा त्याच कंपनीची घ्या. रिंग फ्रिजमध्ये ठेवून वापरण्याचा उपाय एखाद्या दिवसापुरता चालतो, रोज नको. झाकणातली वाफेची नळी दर वेळी उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसली पाहिजे. भाताचं शीत किंवा जिऱ्याचा दाणा तिथे अडकतो. नळी बंद असेल तर वाफेला वाट राहत नाही, मग सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो, आणि तो वितळला म्हणजे त्याने आपलं काम केलं. त्याच्या जागी दुसरं काही बसवून वेळ मारून नेऊ नका, तोच नवा आणा.

भात, डाळ यांसाठी कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो, पाणी धरून. हे फेसामुळे. अनेक घरांत पाऊण कुकर भरलेला असतो आणि मग शिट्टीतून पिवळं पाणी उडतं.

वाढदिवसाला पंचवीस माणसं आहेत. पाच लिटरच्या कुकरमध्ये जमेल? (नाशिक)

एका खेपेत नाही. बाकी जेवण असेल तर माणशी ७० ग्रॅम तांदूळ धरा, म्हणजे पावणेदोन किलो. पाच लिटरच्या कुकरमध्ये भाज्यांसकट अर्ध्या किलोच्या फार वर जाऊ नये. चार खेपा करण्यापेक्षा जाड बुडाचं रुंद पातेलं घ्या, आधणाचं पाणी शेजारी तयार ठेवा आणि आचाऱ्यासारखा करा. इतक्या भाताला कुकर नकोच.

उरलेला मसालेभात दुसऱ्या दिवशी खाल्ला तर चालतो का? (रत्नागिरी)

चालतो, पण रात्रभर ओट्यावर ठेवलेला नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजण्यातूनही तगू शकतात, आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच जपायला हवं. जेवणं झाली की भात कुकरमध्ये ठेवू नका, त्यात तो तासन्‌तास कोमट राहतो. परातीत पसरा, गार करा आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ओलं खोबरं पेरलेला भात आधी संपवा, तो लवकर आंबूस होतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच. वाढताना लिंबू पुन्हा पिळा, आदल्या दिवशीचं आंबटपण मुरून गेलेलं असतं.