सायकेडेलिकला 'भ्रमकारी' म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: व्यसनावरच्या नव्या औषधांविषयी मराठीत लिहिताना 'सायकेडेलिक'साठी, म्हणजे एलएसडीसारख्या मनाचा अनुभव बदलणाऱ्या द्रव्यांसाठी, 'भ्रमकारी' चालेल, की 'अंमली'च बरा?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. भ्रम म्हणजे चुकीची समजूत. मानसोपचारात डिल्यूजनसाठी तो शब्द रुळलेला आहे. समोर काहीच नसताना दिसते वा ऐकू येते तो भास. 'आजीला भास होतात' असे घरातली माणसे अगदी अचूक बोलतात. म्हणून भास घडवणाऱ्या द्रव्याला, म्हणजे हॅलुसिनोजेनला, 'भासकारी' म्हणावे. सायकेडेलिक हा शब्द मात्र मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५६ मध्ये 'मन' आणि 'प्रकट करणे' या अर्थांच्या ग्रीक शब्दांतून घडवला. त्यात भास नाही, भ्रमही नाही.

हा भेद आज फार महत्त्वाचा झाला आहे, कारण सायकेडेलिकपासून भास न घडवणारी औषधे घडवली जात आहेत. मध्य आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये ब्विटी पंथाचे लोक विधींमध्ये इबोगा झुडपाच्या मुळाची साल खातात. तिच्यातल्या आयबोगेन या सायकेडेलिक द्रव्याने हेरॉइनची ओढ ओसरते, हे हेरॉइन घेणाऱ्या हॉवर्ड लॉट्सॉफ या अमेरिकी तरुणाने १९६२ मध्ये स्वतः अनुभवले. पण आयबोगेनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते आणि त्यातून मृत्यूही झाले आहेत. म्हणून रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्सन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने त्याच्या रेणूची रचना सोपी करून टॅबर्नान्थालॉग हे नवे औषधी द्रव्य तयार केले आणि २०२० मध्ये ते जाहीर केले. ते दिल्यावर उंदीर दारू कमी पिऊ लागले, हेरॉइनकडे पुन्हा वळण्याचे प्रमाणही घटले. भासकारी द्रव्य दिल्यावर उंदीर विशिष्ट प्रकारे डोके झटकतात. तसे इथे झाले नाही. अशा औषधाला 'भ्रमकारी' किंवा 'भासकारी' म्हटले, तर जे टाळण्यासाठी एवढी खटपट केली तेच नावात येऊन बसते. 'सायकेडेलिकपासून घडवलेले, भास न घडवणारे औषध' असे लिहावे. लांब आहे, पण खरे आहे.

(आपल्या अंगणातल्या पांढऱ्या तगरीत आयबोगेनच्याच कुळातले कोरोनॅरिडिन हे द्रव्य असते. त्याच्याशी रचनेने जवळचे १८-मेथॉक्सीकोरोनॅरिडिन हेही व्यसनावरचे औषध म्हणून अभ्यासले गेले आहे. म्हणून कुणी तगरीचा काढा मात्र करू नये.)

'अंमली'ला माझा विरोध अधिक तीव्र आहे. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलाच्या आईला 'अंमली औषध' ऐकून काय वाटेल? शिवाय एलएसडी, काही अळंब्यांतले सायलोसायबिन अशा सायकेडेलिकांची हेरॉइनसारखी शारीरिक सवय लागत नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या भारतीय कायद्यातला 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' हा शब्दप्रयोग चांगला आहे, पण त्यात झोपेच्या काही गोळ्याही येतात. एवढ्या व्यापक शब्दाने इथले काम भागत नाही. त्यापेक्षा 'सायकेडेलिक' तसाच ठेवावा.

आणखी एक विनंती. 'सुरक्षित औषध' असे न लिहिता 'आयबोगेनपेक्षा अधिक सुरक्षित ठरावे म्हणून घडवलेले' असे लिहावे. वर सांगितलेले निष्कर्ष प्राण्यांवरच्या प्रयोगांतले आहेत, आणि उंदराला भास झाला की नाही हे डोके झटकण्यावरून केलेले अनुमान आहे.