बादुआनजिन करताना श्वास कसा घ्यावा?

प्रश्न : माझे वय ६६ आहे. गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलीच्या सांगण्यावरून मी बादुआनजिन हा चिनी व्यायाम सुरू केला; परंतु हात वर नेले की श्वास आपोआप रोखला जातो आणि मग धाप लागते. प्राणायामाची मला जुनी सवय आहे. माझे काय चुकते? पुढे गोळी बंद करता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गोळीचे आधी सांगते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही बंद करू नका.

धाप लागते ती बहुधा कुंभकाच्या सवयीमुळे. बादुआनजिन शिकताना श्वास मुळीच रोखू नये. ‘दोन्ही हातांनी आकाश पेलणे’ ही पहिलीच क्रिया पाहा. पाय खांद्यांइतके अंतरावर ठेवून, ओटीपोटापुढे बोटे गुंफून हात उचलताना श्वास आत घ्यावा, छातीपाशी तळवे फिरवून वर ढकलावेत आणि हात दोन्ही बाजूंनी सावकाश खाली येताना श्वास सोडावा. हात पोचण्याआधीच श्वास संपला, तर खुशाल दुसरा घ्या. पहिला आठवडाभर एवढेच करावे, असे मला मनापासून वाटते.

बादुआनजिन म्हणजे किनखापाचे आठ तुकडे. रेशमासारखी अखंड, मऊ हालचाल नावातच अभिप्रेत आहे. हे नाव सोंग राजवटीच्या काळापासून (९६०–१२७९) आढळते. पण या परंपरेचे मूळ त्याहून कितीतरी जुने आहे. चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इ.स.पूर्व १६८ मधील एका थडग्यात, १९७३ च्या उत्खननात, रेशमावरील एक चित्र मिळाले. त्यात व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांच्या आकृती आहेत. आज सर्वत्र शिकवला जाणारा आठ क्रियांचा संच मात्र चीनच्या क्रीडा प्रशासनाने अलीकडे, २००३ च्या सुमारास, प्रमाणित केलेला आहे. तो पूर्ण करायला साधारण १२ ते १५ मिनिटे लागतात.

गुडघ्यांसाठी पाचव्या क्रियेत जपावे. तीत पाय फाकवून खोल बसतात. आपण गुडघे जेमतेम वाकवावेत किंवा ती खुर्चीवर बसून करावी. सहाव्या क्रियेत पुढे वाकल्यावर झटकन उठल्यास चक्कर येऊ शकते, म्हणून हात मांड्यांवरून सरकवत हळूहळू वर यावे. आठव्या क्रियेत चवड्यांवर उभे राहून सात वेळा टाचा जमिनीवर सोडतात. हाडे ठिसूळ झाली असतील, तर टाचा आदळू न देता अलगद टेकवाव्यात आणि आधाराला खुर्चीची पाठ धरावी.