वाचकांचे प्रश्न: सूर्यप्रकाश अडवला, तर आपल्या पावसाचं काय?

कृत्रिम पावसाची विमानं आमच्याकडे उडाली होती. जिओइंजिनीअरिंग म्हणतात ते हेच का? (सोलापूर)

नाही. सोलापूरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात मुळात असलेल्याच ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे फ्लेअर (क्षाराचे बारीक कण सोडणाऱ्या नळकांड्या) जाळले. वाऱ्याच्या दिशेने सुमारे 100 चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी 18 टक्के वाढल्याचं त्यात आढळलं. ढगच नसेल तर ही विमानं काहीच करू शकत नाहीत, आणि परिणामही काही तासांचा असतो. जिओइंजिनीअरिंगमध्ये मात्र सगळ्या पृथ्वीचं तापमान किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड बदलायचा विचार असतो. दोन्हींत विमानं आहेत, एवढंच साम्य.

आकाशात गंधक सोडून पृथ्वी गार करायची म्हणजे नेमकं काय करायचं? (पुणे)

सल्फर डायऑक्साइड वायू सुमारे 20 किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात न्यायचा. तिथे साधारण महिनाभरात त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे बारीक थेंब बनतात आणि ते सूर्यप्रकाशाचा थोडा भाग परत अवकाशात पाठवतात. याच उंचीचा आग्रह का? खालच्या हवेत हे थेंब आठवड्याभरात पावसाबरोबर धुऊन जातात, वर ते वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतात. प्रवासी विमानं 10 ते 12 किलोमीटरवरून जातात, त्यामुळे एवढं ओझं वर नेणारी विमानं नव्याने बनवावी लागतील. निसर्गाने हे करून दाखवलं आहे. जून 1991 मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीतून दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. एक अंश गारवा टिकवायला दरवर्षी साधारण 80 लाख ते 1.6 कोटी टन लागतील, असे अंदाज आहेत. म्हणजे तापमान उतरतं, याबद्दल फारसा वाद नाही. ओझोन थराला मात्र या थेंबांमुळे इजा होते, कारण त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरिनच्या विध्वंसक अभिक्रियांना वेग येतो. समुद्राचं आम्लीकरण तर जराही थांबत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड जिथल्या तिथे राहतो.

तापमान पूर्ववत झालं, तर पाऊसही पूर्ववत होईल ना? (बीड)

होणार नाही. सगळ्या वादात आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, असं आम्हाला वाटतं.

सूर्यप्रकाश कमी झाला की बाष्पीभवन कमी होतं. उलट, कार्बन डायऑक्साइड हवेच्या थरांतच उष्णता अडवतो, त्यामुळे त्याने होणाऱ्या प्रत्येक अंश वाढीमागे पाऊस तुलनेने कमी वाढतो. सध्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले जी. बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली हा फरक मोजून मांडला: तापमान एक अंश बदललं की जगाचा सरासरी पाऊस सूर्यप्रकाशामुळे सुमारे 2.4 टक्के बदलतो, कार्बन डायऑक्साइडमुळे सुमारे 1.5 टक्के. म्हणजे कार्बनमुळे आलेली एक अंश वाढ सूर्य झाकून पुरती पुसली, तर पाऊस आधीपेक्षाही जवळपास एक टक्का कमी होतो. ही जगाची सरासरी झाली. मराठवाड्यात किती, हे त्यातून कळत नाही, आणि शेतकऱ्याला सरासरी उपयोगाची नसते.

त्याहून मोठा धोका आहे फवारणी कुठे होते याचा. पावसाचा विषुववृत्तीय पट्टा उबदार गोलार्धाकडे सरकतो. फक्त उत्तर गोलार्धात थेंब सोडले, तर तो दक्षिणेकडे ढकलला जातो आणि आपल्यासारख्या उत्तरेकडच्या मोसमी प्रदेशांचा पाऊस घटतो. केवळ आर्क्टिकचं बर्फ वाचवायला तिथेच फवारणी केली, तरी मॉडेलांमध्ये हाच परिणाम दिसतो. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात हे प्रत्यक्ष घडलेलं आहे: अलास्कातला काटमाई (1912) आणि मेक्सिकोतला एल चिचोन (1982) या उत्तरेकडच्या उद्रेकांनंतर तिथे कडक दुष्काळ पडले. म्हणून दोन्ही गोलार्धांत समतोल राखून फवारणी करावी, असं समर्थकही सांगतात. पण तो समतोल पन्नास-शंभर वर्षं कोण राखणार?

मधेच थांबवलं तर? (नाशिक)

वर्ष-दोन वर्षांत थेंब खाली येतात आणि दाबून ठेवलेली सगळी तापमानवाढ साधारण दशकभरात उसळून वर येते. पिकांच्या जाती आणि जंगलं इतक्या झपाट्याने जुळवून घेऊ शकत नाहीत. त्यामुळे उत्सर्जन न घटवता फवारणी सुरू करणं सर्वांत घातक.

गोव्याच्या शास्त्रज्ञांनी समुद्रात लोह टाकलं होतं, हे खरं का? (फोंडा)

खरं आहे. 2009 साली दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (एनआयओ) जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर 'लोहाफेक्स' प्रयोग केला. 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात फेरस सल्फेट मिसळलं. कल्पना अशी की लोह मिळालं की सूक्ष्म वनस्पती वाढतील, कार्बन शोषतील आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातील. पहिल्या दोन आठवड्यांत वनस्पती दुपटीने वाढल्या, पण कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी त्या खाल्ल्या आणि तळाकडे नगण्य कार्बन गेला. कारण त्या पाण्यात सिलिका फारच कमी होती. जड कवचाच्या डायटम वनस्पतींना ती लागते, आणि त्याच भराभर बुडतात. लोहाचं खत घालून कार्बन विकण्याच्या योजनांना या निकालाने चांगलाच धक्का दिला. अपयशी निकाल प्रामाणिकपणे मांडणाऱ्या अशा प्रयोगांची फार गरज आहे.

शेतात बेसॉल्टची पूड टाकून कार्बन शोषता येतो म्हणे. क्रशरची कच चालेल का? (भंडारा)

तत्त्व बरोबर आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी अभिक्रिया करतो आणि बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर निघून जातो. एक टन बेसॉल्ट सैद्धांतिकदृष्ट्या फार तर 0.3 टन शोषतो. हेक्टरी 10 टन टाकलं तर 3 टन, तेही अनेक वर्षांत. त्यातून दळण्याची वीज आणि ट्रकचं डिझेल वजा करा. क्रशरची कच जाड असते, म्हणून झिजायला फार वेळ घेते. पूड पिठासारखी बारीक हवी.

जमीन कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू (पीएच) 8 च्या आसपास असतो. तिथे झीज मंद होते, आणि ती माती मुळात बेसॉल्टचीच. कोकणातल्या किंवा पूर्व विदर्भातल्या आम्लधर्मी भातजमिनीत शक्यता जास्त. युरिया-अमोनियमपासून बनणाऱ्या नायट्रिक आम्लाने दगड झिजला, तर कार्बन शोषला जात नाही, हेही हिशेबात धरावं लागतं. पूड घेण्याआधी तिची निकेल आणि क्रोमियमची तपासणी करून घ्या, जमिनीचा सामू मोजा, आणि कार्बन क्रेडिटचा (शोषलेल्या कार्बनचे पैसे देणारा) करार पुढे आला तर निचऱ्याच्या पाण्यातलं बायकार्बोनेट कोण, कधी आणि कसं मोजणार, हे सही करण्याआधी लेखी मागा.