पेलाग्रा (त्वचेवर चट्टे, जुलाब आणि मानसिक भ्रम आणणारा आजार) हा संसर्गजन्य आजार नाही, हे कोणी सिद्ध केलं?

डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी. १८९९ पासून ते अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेत होते. साथींवर काम करताना स्वतःही पीतज्वर, टायफसने आजारी पडले. १९१४ मध्ये त्यांना अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राच्या तपासाला पाठवलं. तिथल्या अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत आजार व्हायचा तो फक्त तिथे राहणाऱ्यांना, कर्मचाऱ्यांना नाही. जंतू असा माणूस बघून धरतो का? फरक ताटात होता. मका आणि काकवीवर जगणाऱ्या मुलांना दूध, अंडी, मांस मिळू लागताच आजार हटला. तरी डॉक्टर मंडळी मानेनात. मग १९१६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्वचेच्या खपल्या पिठाच्या गोळीत घालून गिळल्या. पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतलं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. केवढं हे धैर्य!