वाचकांचे प्रश्न: एव्हरेस्टचं पॅकेज घेताना पैसे नक्की कशाचे देतो आपण?

मोठ्या शिखरांच्या गाईडेड मोहिमांबद्दल यावेळी बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतोय. पहिल्या दोघांची उत्तरं लांबलीत, पण ती लांब असायलाच हवी होती.

प्रश्न: दादा, मी नाशिकला आयटीत आहे, वय ३४. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय, मागच्या वर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेकपण केला, काही त्रास झाला नाही. आता समिटच करायचंय. एक कंपनी ३२ लाख म्हणते, अनुभव नसला तरी चालेल, आम्ही तिथे तयारी करून घेतो. दुसरी ६० लाख सांगते. डोंगर तोच, दोर तोच, मग एवढा फरक कसला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: डोंगर तोच आणि दोरही तोच, हे तुझं अगदी बरोबर आहे. बेस कॅम्पच्या लगेच वर खुंबू आइसफॉल म्हणजे तुटक्या, सरकत्या बर्फाचा उतार आहे, त्यातला रस्ता दर सीझनला 'आइसफॉल डॉक्टर' शेर्पा शिड्या आणि दोर लावून तयार करतात, कॅम्प २ च्या वर समिटपर्यंत फिक्स रोप लावायला कंपन्यांची मिळून एक टीम असते, त्यामुळे ३२ लाखवाला आणि ६० लाखवाला एकाच दोराला जुमार (दोर पकडून वर सरकणारी क्लिप) लावून चढतात. परमिटही दोघांना सारखंच. सप्टेंबर २०२५ पासून ते ११ हजार डॉलरवरून १५ हजार झालंय, म्हणजे साधारण तेरा लाख तिथेच गेले.

आता ३२ मधून १३ वजा कर. राहिलेल्या १९ लाखांत लुक्लाचं विमान, दीड-दोन महिन्यांचं जेवणखाण, तंबू, तुझा शेर्पा, त्याचा विमा, ऑक्सिजन आणि वर कंपनीचा नफा. कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागणार ना, आणि तो कुठे घेतलाय ते काठमांडूच्या हॉटेलात कळत नाही, साउथ कोलच्या, म्हणजे शेवटच्या कॅम्पच्या, वर गेल्यावर कळतं. बाटल्या दोन कमी आणलेल्या असतात, बरोबरचा शेर्पा ८ हजार मीटरवर पहिल्यांदाच आलेला असतो, हवामानाचा अंदाज शेजारच्या टीमला विचारून घेतलेला असतो. महाग कंपनी म्हणजे आपोआप चांगली असंही नाहीये, काही जण ते पैसे बेस कॅम्पच्या गरम तंबूत आणि कॉफीत घालतात. म्हणून दोघांनाही तेच प्रश्न विचार. माझ्याबरोबर येणारा शेर्पा याआधी कितीदा वर गेलाय, माझ्या आणि त्याच्या नावावर मिळून बाटल्या किती, जास्तीचा शेर्पा कोण, आणि सगळ्यात महत्त्वाचं, समिटच्या दिवशी किती वाजता मागे फिरवणार आणि तो निर्णय कोणाचा. याचं लेखी उत्तर द्यायला जी कंपनी टाळाटाळ करेल तिला सरळ सोडून दे.

मागे फिरायच्या वेळेवर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या रॉब हॉलने आपल्या एका क्लायंटला समिट हाकेच्या अंतरावर असताना उशीर झाला म्हणून मागे फिरवलं होतं. पुढच्या वर्षी तोच क्लायंट परत आला. १० मे १९९६ ला दुपारी दोन ही मागे फिरायची वेळ ठरलेली असताना हॉल त्याच्यासाठी वर थांबला, चार वाजून गेल्यावर दोघं समिटवर होते, मग वादळ आलं आणि दोघंही खाली आले नाहीत. त्या वादळात दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले, त्यात उत्तरेकडून चढणारे आपल्या आयटीबीपीचे तिघे होते. हॉल त्या काळातल्या सगळ्यात अनुभवी गाईडपैकी एक होता हे लक्षात घे. पैसे भरून, वर्षभर वाट बघून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणणं त्यालासुद्धा जमलं नाही.

राहिला अनुभवाचा मुद्दा. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, तिथपर्यंत बुटांनी चालत जाता येतं, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे खिळे) लागतात ते त्याच्या पुढे. सह्याद्रीतल्या ट्रेकने पाय आणि दम तयार होतो, त्याची किंमत मी कमी करत नाही, पण थंडीत जाड हातमोजे घालून जुमार काढून परत लावणं, रॅपल करणं म्हणजे दोरावरून घसरत उतरणं, बाजूने उतरणाऱ्याला दोरावर वाट देणं हे सगळं हाताला न बघता यायला पाहिजे, ते बेस कॅम्पच्या चार दिवसांच्या सरावात येत नाही. आधी बेसिक कोर्स कर, मग एखादं ६ हजार मीटरचं शिखर, मग सतोपंथ (७,०७५ मीटर) किंवा नून (७,१३५ मीटर), मग जमलं तर नेपाळमधलं ८ हजारी मनास्लू. नेपाळनेही ७ हजार मीटरच्या वरचं शिखर आधी केलेलं असावं अशी अट घालायचं विधेयक २०२५ मध्ये आणलं, त्यात ते शिखर नेपाळमधलंच हवं असं आहे, म्हणजे आपलं सतोपंथ किंवा नून त्यात धरलं जाणार नाही, म्हणून ठरवायच्या आधी नियम परत एकदा बघून घे. चार-पाच वर्षं जातील यात. जाऊ देत.

प्रश्न: सर, माझी मुलगी २७ वर्षांची आहे, एव्हरेस्टला जायचं ठरवून बसलीये. तिने ॲडव्हान्स कोर्स केलाय, एक ७ हजारी शिखरही झालंय. ती म्हणते आई, काही झालं तर शेर्पा आहे, हेलिकॉप्टर आहे, विमा आहे. खरंच असं आहे का? (एक आई, सातारा)

उत्तर: ताई, तुमच्या मुलीची तयारी चांगली आहे, तिला अडवा असं मी म्हणणार नाही. पण हेलिकॉप्टरबद्दल ती म्हणते ते अर्धंच खरं आहे. हेलिकॉप्टर नेहमीसारखं येतं ते कॅम्प २ पर्यंत, म्हणजे ६,४०० मीटरच्या आसपास. कॅम्प ३ वरून खाली दोर सोडून माणसाला उचलल्याची उदाहरणं आहेत, पण त्याला हवा शांत लागते आणि पायलट तयार लागतो. त्याच्या वर माणसाला माणसानेच खाली आणावं लागतं. २००५ मध्ये एका फ्रेंच पायलटने एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवलं होतं हे खरंय, पण ते मुद्दाम हलकं केलेलं हेलिकॉप्टर होतं, रेस्क्यूला कोणी तसं येत नाही.

माणसाने खाली आणणं म्हणजे काय ते मे २०२३ च्या एका घटनेवरून कळेल. गेल्जे शेर्पा आपल्या क्लायंटला घेऊन समिटला निघाला होता. साउथ कोल आणि समिटच्या मध्ये बाल्कनी म्हणतात त्या जागेजवळ त्याला एक मलेशियन गिर्यारोहक दिसला, दोराला धरून थंडीने गारठलेला, एकटा. गेल्जेने स्वतःच्या क्लायंटला समजावून समिट सोडायला लावलं, त्या माणसाला झोपायच्या मॅटमध्ये गुंडाळलं आणि कधी बर्फावरून ओढत, कधी पाठीवर घेत साधारण ६०० मीटर खाली आणलं, त्याला सहा तास लागले. पुढे आणखी एक शेर्पा मदतीला आला, मग कॅम्प ३ वरून हेलिकॉप्टरने उचललं. तो माणूस वाचला. पण त्या रात्री गेल्जेच्या जागी दुसरा कोणी असता किंवा क्लायंट समिट सोडायला तयार झाला नसता तर? अशा मदतीवर हिशोब मांडून कोणी वर जाऊ नये ताई, कारण शेर्पाही माणूसच आहे, त्यालाही घर आहे. १८ एप्रिल २०१४ ला आइसफॉलमध्ये हिमस्खलन झालं त्यात गेलेले सगळेच्या सगळे १६ जण नेपाळी कामगार होते, आपल्यासारख्यांचं सामान वर नेणारे.

तेव्हा तुम्ही मुलीशी दोन गोष्टी बोला. एक, पॉलिसीत किती मीटरपर्यंतचं गिर्यारोहण कव्हर आहे ते ओळ न ओळ वाचून घ्या, ट्रेकिंगची पॉलिसी इथे कामाची नाही. दुसरी गोष्ट, शेर्पा परत फिर म्हणाला तर वाद न घालता फिरेन हे तिने घरातून निघायच्या आधी तुमच्यासमोर आणि त्याच्यासमोरही बोलावं. वर गेल्यावर ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा डोकं नीट चालत नाही, अगदी हुशार माणसाचंही. २०१९ च्या सीझनमध्ये एव्हरेस्टवर अकरा जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले पण होते, आणि तिथे बहुतेकांचा घात होतो तो समिटनंतर, उतरताना.

प्रश्न: ऑक्सिजन लावून चढणं म्हणजे चीटिंग असं काही जण म्हणतात. आणि बाटल्या किती लागतात याचा हिशोब कोणी नीट सांगतच नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मेसनर आणि हाबेलर हे दोन गिर्यारोहक ८ मे १९७८ ला ऑक्सिजनच्या बाटलीशिवाय एव्हरेस्टवर गेले, आंग रिता शेर्पा तर दहा वेळा तसे गेले, त्यांना माझा दंडवत. पण तुम्हीआम्ही गाईडेड टीममधून जाताना ऑक्सिजनची लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही, माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो, बोटं वाचतात ती ऑक्सिजनमुळे.

हिशोब सोपा आहे. नेहमीची ४ लिटरची बाटली पूर्ण भरलेली असली तर तिच्यात साधारण १,२०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर सोडला तर दहा तास, ४ लिटर सोडला तर पाचच तास. साउथ कोलहून समिट आणि परत कोल यात सोळा तास धरा. २ वर ठेवलं तर दोन बाटल्यांत बसतं, ४ वर ठेवलं तर तीनही पुरत नाहीत, आणि मध्ये रांगेत दोन तास उभं राहावं लागलं तर २ वरही जेमतेम दोन तासांचा ऑक्सिजन हातात उरतो. म्हणून कंपनी 'अनलिमिटेड ऑक्सिजन' म्हणाली की विचारायचं, कोलच्या वर माझ्यासाठी किती बाटल्या, किती फ्लोने, आणि जास्तीच्या कोण वाहणार.

प्रश्न: वय ५२, बीपीची गोळी चालू आहे. किलिमांजारो झेपेल का? गाईड घ्यावाच लागतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: हो, टांझानियात गाईडशिवाय वर सोडतच नाहीत. दोर-क्रॅम्पॉनचं काम नाही, पण ५,८९५ मीटर ही उंची काही कमी नाही, आणि बऱ्याच जणांना पाच दिवसांच्या स्वस्त पॅकेजमध्ये उंचीच लागते. सात-आठ दिवसांचंच घ्या. बीपीची गोळी आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) दोन्हीबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि पोर्टरच्या पाठीवर २० किलोपेक्षा जास्त ओझं नको असा तिथला नियम आहे, तुमची कंपनी तो पाळते का तेही विचारा.

प्रश्न: मी अमरावतीला बीएस्सीला आहे. क्राउडफंडिंग करून थेट आयलंड पीकला (नेपाळमधलं ६ हजारी शिखर) जाऊ की आधी कोर्स करू? घरची परिस्थिती बेताची आहे. (एक विद्यार्थी)

उत्तर: आधी कोर्स, यात दुसरा विचारच करू नकोस. उत्तरकाशीची एनआयएम किंवा दार्जिलिंगची एचएमआय, दोन्ही गिर्यारोहण शिकवणाऱ्या सरकारी संस्था आहेत, राहणं, जेवण, सामान, शिकवणं सगळं धरून चार आठवड्यांच्या बेसिक कोर्सची फी ही नेपाळच्या कुठल्याही पीकच्या पॅकेजपेक्षा खूपच कमी पडते. जागा लवकर भरतात, तेव्हा वेबसाइटवर पुढच्या वर्षाच्या तारखा आल्या की लगेच फॉर्म भर. ए ग्रेड मिळवायचाच असं ठरवून जा, ॲडव्हान्सला तो लागतो. तोपर्यंत पाठीवर वजन घेऊन चिखलदऱ्याचे चढ-उतार कर, आणि उतार जास्त कर, गुडघे तिथेच तयार होतात. लोकांकडे पैसे मागायचेच असतील तर कोर्ससाठी माग, रक्कम छोटी आहे, गावातले चार लोक आनंदाने देतील.