बोलिव्हियातल्या पोतोसीत एकच दिवस आहे, काय बघावं?

थेट 'कासा दे ला मोनेदा' गाठा, म्हणजे जुनी टांकसाळ. आत्ताची इमारत १७५९ ते १७७३ मधली. चांदीचे पत्रे लाटणारी अजस्र लाकडी यंत्रं चुकवू नका. यंत्रं वरच्या मजल्यावर, ती फिरवणारी खेचरं खालच्या! गावावर दिसतो तो सेरो रिको डोंगर. १५४५ साली तिथे चांदीचं काम सुरू झालं आणि गाव वसलं. चांदी गेली स्पेनला, राबले सक्तीने आणलेले मूळ रहिवासी. चांदी वेगळी करायला वापरलेल्या पाऱ्याचं विषही त्यांच्याच नशिबी. खाणीत काम अजून चालतं. खाणकाम करणारे बोगद्यातल्या 'तिओ'च्या, म्हणजे खाणीच्या दैवताच्या, मूर्तीपुढे कोकाची पानं, सिगारेटी ठेवतात. खाणीची सहल मी तरी टाळेन, लोक जीव धोक्यात घालून राबतात तिथे फोटो कसले काढायचे? गाव ४,००० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, म्हणून धावपळ नको.