सोलो बसला, पुढे काय?

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

जॅझ गिटारवादक चार्ली क्रिश्चनचा सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायचा तुकडा, सूर न् सूर बसला, पण बँड पुढे सरकला की हात थांबतो, ही तुझी तक्रार. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीचंही नेमकं असंच व्हायचं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा हा गडी विशीच्या सुमारास क्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून गिटारकडे वळला, एकेक सोलो कानानं उचलला आणि तेवढ्या भांडवलावर क्लबात कामाला लागला. सोलो वाजवायचा आणि गुपचूप स्टेजवरून उतरायचं! दुसरं काही येतच नव्हतं.

तेव्हा नक्कल सोडू नकोस. टॅबवरून, म्हणजे तारा आणि पडदे आकड्यांत मांडलेल्या कागदावरून, उतरवणं तेवढं बंद कर. बोट कुठं ठेवायचं ते टॅब सांगतो. सूर कुठं टेकवलाय, कुठं सोडून दिलाय, ते नाही. आधी तोंडानं म्हण, तालासकट. मग गिटार घे.

कुपवाडला कारखान्यातली पाळी सुटल्यावर अंगात त्राण उरत नाही, मान्य. वेससुद्धा दिवसा कारखान्यात राबायचा, रात्री क्लबात, घरात पोरंबाळं. पिकचा, म्हणजे तार छेडायच्या पत्तीचा, आवाज शेजाऱ्यांना खुपतो म्हणून त्यानं पिक टाकलं आणि अंगठ्यानं वाजवायला लागला. तो गोल, उबदार सूर तिथूनच आला. तुझ्या भिंतीपलीकडच्या काकूही निमित्त ठरतील, काय सांगावं!

आता वेसचे ऑक्टेव्ह, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम. पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात तर्जनी, तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यात करंगळी. तर्जनी किंचित आडवी पाडून मधली चौथी तार मुकी करायची. अंगठा तिन्ही तारांवरून फिरतो, वाजतात दोनच. चौथी-दुसरी जोडी घेतलीस की बोटांतलं अंतर एका पडद्यानं वाढतं. तिथं सगळे अडखळतात. तेवढंच घोटत बस.

पण ऑक्टेव्ह जमले म्हणून पहिल्यापासून झोडू नकोस. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, तिथं बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं, ऐकलीयस ना? वेसची १९६० च्या सुमाराची रेकॉर्डिंग त्या कानानं ऐक. आधी एकेरी सूर, मग ऑक्टेव्ह, मग भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर. ठेवणीतलं शेवटी.

नोटेशन, म्हणजे लिहिलेले सूर, त्याला वाचता येत नव्हतं, तरी ‘फोर ऑन सिक्स’ आणि ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ त्याच्याच रचना. हे मात्र आळसाला निमित्त करू नकोस. स्टुडिओत कुणी तुझ्यासाठी थांबणार नाही, वाचायला शीक. शेवटच्या वर्षांत त्यानं व्हायोलिनच्या ताफ्यासोबत लोकप्रिय गाणी वाजवली, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. मला त्यातही तो अंगठा लगेच ओळखू येतो. १९६८ साली हृदयविकारानं गेला, अवघा पंचेचाळिशीचा.

‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ तीन-तीन मात्रांच्या तालात आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा हातावर धर आणि धून त्यावर म्हणून बघ. रविवारी येशील तेव्हा ऐकव, गिटार आणली नाहीस तरी चालेल.

तुझा,
काका